दोन राजधान्या, एक अडकित्ता

व्हिएन्ना, ४ जून १९७०
टपालाने

प्रिय पिरोश्काताई,

पोचून तीन आठवडे झाले, लिहायला आज बसलो. चौदा वर्षांनी घरी आलो आणि नऊ दिवसांत चार किलो वाढवून परतलो. दुकानातल्या फ्राउ हुबरनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कोटाची बटणं संपावर गेलीत." मी म्हटलं, "बाई, माझ्या ताईच्या हातचा भरलेला कोबी तुम्ही खाल्ला असता तर तुमचीही गेली असती."

आता मुख्य बातमी. तुझा भाऊ लेखक झाला. हसू नकोस. इथे हंगेरीतून आलेल्या आपल्या लोकांचं एक साप्ताहिक निघतं. निम्मं मृत्यूच्या बातम्यांनी भरतं, निम्मं आपसातल्या भांडणांनी. त्यात माझा पाऊण पान लेख आलाय: 'दोन राजधान्या'. संपादक म्हणाले, "सारकादी, इतकी वर्षं कुलपं विकण्यात फुकट घालवलीत." मी कुठे काय केलंय? कान उघडे ठेवले, एवढंच. ते तर आईने जन्मतःच मोठे दिलेत.

लिहिलंय की व्हिएन्नाने डॅन्यूबला गावाबाहेर ताटकळत ठेवलंय आणि बुडापेस्टने तिला घराच्या मधोमध जागा दिलीय. व्हिएन्नात ट्रॅममध्ये कोणाचा पाय तुडवलात तर तो आधी तुमचीच माफी मागतो आणि मग कंडक्टरला बोलावतो. बुडापेस्टात आधी आईवरून शिवी घालतो आणि उतरताना तुमची बॅग खाली उतरवून देतो. व्हिएन्नात प्रत्येक भाडेकऱ्याच्या खिशात फाटकाची किल्ली असते, म्हणून तर माझं दुकान चालतं. तुमच्याकडे दहा वाजून गेले की रखवालदाराला उठवायचं, आणि हातावर काही पडेपर्यंत तो नुसता जांभया देत उभा. व्हिएन्नातली घरं इतकी गप्प की शेजारी मेला तरी आठवडाभर पत्ता लागू नये. बुडापेस्टात मात्र रेडिओ मोठ्याने लावल्याशिवाय कोणाला गप्पा सुचत नाहीत. तुमच्याकडेही तेच पाहिलं. मला आधी वाटलं, भावोजींना कमी ऐकू येतं.

आणि लेखाचा कळस म्हणजे भावोजींचा अडकित्ता, निघताना त्यांनी माझ्या खिशात घातला तो, अक्रोड फोडायचा. इथे कॉफीहाउसात मी तो टेबलावर ठेवतो तर चारही बाजूंनी हात पुढे येतात. हलकं दाबलं की कवच उघडतं आणि गर अख्खा बाहेर येतो. व्हिएन्नात असा हात राहिलेला नाही, हे मी कुलूपवाला असून छापून सांगितलंय. भावोजींचं बोलणंही जसंच्या तसं दिलंय: "पोलाद सरकारचं, ते पकडणारा व्हाइस सरकारचा, आठ तास सरकारचे. अक्कल तेवढी माझी, मग तिचं काही घरी न्यायला नको?" संपादक हसून हसून खोकले. भावोजींचं नाव अर्थातच लिहिलेलं नाही. नुसतं 'व.', एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधला फिटर, डाव्या हाताचा अंगठा अर्धा.

कात्रण सोबत जोडलंय. त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
ओडोन


बुडापेस्ट, १९ जून १९७०
टपालाने

प्रिय ओडोन,

तुझं पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. हवा बरी आहे. यंदा चेरी लवकर आल्या.

कात्रण जोडल्याचं तू लिहितोस. पाकिटात कात्रण नव्हतं.

वेंडेलला दुसरं काम दिलं आहे. मोकळ्या हवेतलं आहे. प्रकृतीला चांगलं.

कात्रण पुन्हा पाठवायची तसदी घेऊ नकोस. आम्हाला वाचायला वेळ होत नाही.

पिरोश्का


व्हिएन्ना, २५ जून १९७०
टपालाने

ताई,

हे काय पत्र झालं? गॅस कंपनीसुद्धा मला याहून मायेने लिहिते. हवा बरी आहे म्हणे. तू मला हवा कधीपासून कळवायला लागलीस?

बरं, कात्रण. ती माझीच चूक. पाकीट चिकटवण्याच्या घाईत टेबलावर राहिलं असणार. आता दोन पाठवतोय. एक घरात ठेवा, दुसरं भावोजींना कारखान्यात मित्रांना दाखवायला.

पण खरं सांगू? मला कळतंय काय झालंय ते. इथे आल्यापासून मी पाहतोय, तिकडच्या माणसाला आपली प्रगती सांगितली की तो हवेबद्दल बोलायला लागतो. मी व्हिएन्नाचं कौतुक केलं म्हणून तू फुगलीस. मी आणलेला कोट तू माझ्यासमोर एकदाही घातला नाहीस, तेही माझ्या लक्षात आलं होतं. ताई, मी तो दाखवण्यासाठी नव्हता आणला. लेखात व्हिएन्नाला मी जेवढं झोडपलंय तेवढं इथे कोणीच झोडपलेलं नाही. वाच तर आधी. वाचायला वेळ होत नाही असं तोंडावर सांगतेस? लहानपणी माझ्या वहीतली प्रत्येक ओळ तू वाचायचीस, नि चुकलं की कान पिळायचीस.

भावोजींना मोकळ्या हवेतलं काम मिळालं, हे फार चांगलं झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या टूलरूमच्या तेलकट धुरात कशाला मरायचं.

उत्तर जरा माणसासारखं लिही.

ओडोन


बुडापेस्ट, ९ जुलै १९७०
गेझाच्या हाती

ओडोन,

'प्रिय' लिहायला हात होत नाही, म्हणून लिहिलं नाही.

हे पत्र गेझा आणून देईल. तुझ्या वर्गातला, तोतरा. तो आता मालवाहू बोटीवर सुकाणू धरतो, दर दोन आठवड्यांनी व्हिएन्नाच्या धक्क्याला लागतो. यापुढे जे खरं असेल ते गेझाच्या हाती. टपालाने फक्त हवा आणि चेरी. हे तुला मी सांगायला हवं? चौदा वर्षांत इतका व्हिएन्नाचा झालास?

कात्रण तुझ्या टेबलावर राहिलं नव्हतं रे गाढवा. ते टपालातच पाकिटातून काढलं गेलं आणि पाच दिवसांनी बोगारच्या टेबलावर आलं. बोगार आठवतो ना? तुझ्या वेळी फोरमन होता, आता कारखान्याच्या शिस्त समितीचा अध्यक्ष आहे. वेंडेलला बोलावलं, अंगठा बघितला, म्हणजे बघायचा म्हणून बघितला, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या हातात खराटा दिला. मोकळ्या हवेतलं काम म्हणजे ते. कारखान्याचं अंगण झाडतोय माझा नवरा. एकतीस वर्षं ज्या व्हाइसवर उभा राहिला तो त्याला आता खिडकीतून दिसतो.

आणि मग तू आणखी दोन पाठवलीस. समितीत तिघं जण बसतात. आता तिघांना एकेक झालं.

तू नाव नाही लिहिलंस म्हणतोस. अर्ध्या अंगठ्याचे किती फिटर आहेत या शहरात? आणि तो अंगठा कुणामुळे गेला, तेही लिहायचं होतंस. तू शिकाऊ होतास, प्रेसखाली हात घातला होतास, त्याने तुझा हात मागे ओढला.

फुशी कोण करत नाही? कारखान्याचं भंगार, कारखान्याचं मशीन, आणि आपल्या घरची वस्तू. टूलरूममधला प्रत्येक जण करतो. आमच्या मजल्यावर एकाही घराची कडी बाजारातून आणलेली नाही. बोगारच्या नातीच्या बर्फावरच्या घसरगाडीच्या पट्ट्या वेंडेलने केल्यात, आणि बोगारने त्या स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेल्यात. सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच कोणी म्हणत नाही. तू ते म्हणालास. म्हणालास नाही, छापलंस. आणि छापून टपालाने पाठवलंस.

रेडिओ आम्ही का लावतो, हे आता आठवलं असेल.

२५ ऑगस्टला समिती बसणार आहे. त्या दिवशी तिसरा म्हणून वरच्या कार्यालयातून एक माणूस येणार. ठरलं की ही सरकारी मालाची चोरी, तर प्रकरण कोर्टात जाईल आणि वेंडेलचं नाव कारखान्यातून कायमचं कटेल. पेन्शनला दोन वर्षं उरलीत. पण मला पेन्शनचं सांगू नकोस, पैसे पाठवतो म्हणून लिहू नकोस. हा माणूस व्हाइसशिवाय राहू शकत नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसतो, कड सरळ आहे की नाही ते बघत.

परवा जिन्यात बोगार भेटला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पिरोश्काबाई, हे लेखक लोक किती थापा मारतात, नाही? एखाद्याने तसं लिहून दिलं तर आम्हाला फाइलला लावायला बरं."

तेव्हा तू लिहून दे. समितीला, टपालाने, उघड. आणि त्या तुझ्या साप्ताहिकात छाप. की तू खोटं लिहिलंस. फिटर नव्हता, फुशी नव्हती, सगळं तुझ्या डोक्यातून आलं.

आणि कोट. तो मी घातला नाही कारण त्याच्या बाहीला तुझ्या दुकानाच्या तेलाचा वास होता, आणि तू गेल्यावर तो वास लवकर जाऊ नये असं मला वाटत होतं. आता तो गेलाय.

पिरोश्का


व्हिएन्ना, १४ जुलै १९७०
गेझाच्या हाती

ताई,

गेझा अर्धा तास दुकानात बसला. तोतरा असून त्याने मला इतकं सुनावलं की तीन गिऱ्हाइकं परत गेली. तेव्हा अर्धी शिक्षा झाली समज.

आता माझंही ऐक. भावोजींचं ऐकून फार वाईट वाटलं, हे आधी लिहितो. पण चोर त्यांना मी म्हटलं नाही. मी त्यांना कलावंत म्हटलं. चोर त्यांना तुमच्या समितीने म्हटलं. ज्याच्या नातीची घसरगाडी त्यांनी केली त्याने खराटा दिला, आणि शिव्या कोणाला, तर चारशे वीस शब्द खरे लिहिणाऱ्याला? बोगारला जिन्यात विचारायचं होतंस हे. मला टपालाने हवा कळवतेस नि त्याला मान डोलावतेस.

आणि मी खोटं लिहिलं म्हणून सांगू? छप्पनच्या नोव्हेंबरात, रशियन रणगाडे शहरात शिरल्यावर, एका पिशवीत दोन कानशी आणि एक सदरा घेऊन मी गुडघाभर चिखलातून सीमा ओलांडली. जर्मन म्हणावं तर 'धन्यवाद' आणि 'कितीला'. आज या भागातले चारशे लोक आपल्या घराची किल्ली माझ्या हातात देऊन सुट्टीला जातात. कशाच्या भरवशावर? सारकादी बोलतो ते तसंच असतं, या भरवशावर. माझ्याकडे ना शिक्षण, ना घराणं. एवढा एक शब्द कमावलाय. तो तू म्हणतेस भर चौकात आपल्या हाताने मोडून ये. आपल्या लोकांचं साप्ताहिक आहे ते, ताई. आमच्यात एकदा खोटारडा ठरलेला माणूस मेल्यावरही खोटारडाच राहतो. त्याच्या मृत्यूच्या बातमीवरसुद्धा लोक विश्वास ठेवत नाहीत.

तुमची भीती तुमच्या शहराची. ती माझ्या गळ्यात का घालता? त्यापेक्षा दोघंही इकडे या. मी कागदपत्रांचं बघतो. भावोजींना दुकानात जागा देतो. किल्ल्या घासतील आरामात.

ओडोन


बुडापेस्ट, २३ जुलै १९७०
गेझाच्या हाती

ओडोन,

तुझं पत्र पिरोश्काने चुलीत घातलं. घालण्याआधी मी वाचलं. ती लिहिणार नाही म्हणते, म्हणून मी लिहितो. मला लिहायची सवय नाही.

तू खोटं लिहिलं नाहीस. मी बोललो ते तसंच बोललो होतो. त्या वाक्यावर टूलरूममध्ये सगळे हसायचे, बोगार सगळ्यात जास्त. तिथे ते चालायचं, कारण ते तिथेच राहायचं.

झाडायला माझी हरकत नाही. फक्त उकाड्यामुळे टूलरूमच्या खिडक्या उघड्या असतात आणि माझ्या व्हाइसवर एका नव्याला उभा केलाय. तो कानस मागे येतानाही दाबतो. दिवसभर ऐकू येतं. तुझे कान तसेच आहेत, तुला कळेल. तुला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पुढे जाताना कापायचं, मागे येताना उचलायचं.

तू काही लिहून देऊ नकोस. शब्द कमवायला वेळ लागतो, ते मला पटतं. २५ तारखेला विचारलं तर मी काय सांगेन, माहीत नाही. मला खोटं बोलता येत नाही, पिरोश्काला त्याचीच धास्ती आहे.

किल्ल्या मी घासणार नाही.

अडकित्त्याची बिजागरी कशी आहे? सुरुवातीला जरा घट्ट वाटेल. तेल एकच थेंब.

वेंडेल


व्हिएन्ना, ११ ऑगस्ट १९७०
गेझाच्या हाती

ताई,

हे चुलीत घालायच्या आधी वाच. भावोजींना आधी सांग, बिजागरी उत्तम आहे.

त्यांची चिठ्ठी वाचून मी दुकान बंद केलं आणि दोन दिवस माझ्याच कानांवर चिडून बसलो. मग उठलो.

८ तारखेला समितीला टपालाने पत्र टाकलंय, रजिस्टर करून, म्हणजे सगळ्यांना नीट वाचता यावं. त्यात असं आहे: 'दोन राजधान्या या लेखातील फिटर व त्याचे बोलणे मी व्हिएन्नात कॉफीहाउसात बसून रचले. वाचकांना हसू यावे म्हणून अर्धा अंगठा तेवढा माझ्या भावोजींचा उसना घेतला; त्यांचा या मजकुराशी संबंध नाही. अडकित्ता मी माझ्या दुकानात, माझ्या पोलादातून, माझ्या हाताने बनवला. खात्रीसाठी तो पार्सलने पाठवत आहे.' खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

साप्ताहिकातही तेच आलंय, गेल्या शुक्रवारी, पहिल्या पानावर. संपादकांनी वर मथळा दिला: 'सारकादी यांची कबुली'. मला म्हणाले, "यापुढे आपण कुलपंच विका." शनिवारी कॉफीहाउसात नेहमीच्या टेबलावर गेलो. म्हातारा डॉक्टर म्हणाला, "ओडोन, तू छप्पन साली खरंच चिखलातून आलास, का तेही कॉफीहाउसात बसून रचलंस?" सगळे हसले. मी कॉफी न पिताच उठलो. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहिलं.

आता खरी गोष्ट. खरा अडकित्ता पाठवता येत नव्हता. बोगारने तो उलटा करून पाहिला असता तरी हात ओळखला असता. म्हणजे मला नवा करायला हवा होता. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. शेवटी शिकलो कोणाच्या हाताखाली?

ताई, मी अकरा केले. भावोजींचा समोर ठेवून, मापं घेऊन, पहाटे दुकान उघडायच्या आधी. चौदा वर्षांत मी हजारो किल्ल्या केल्या, त्या मशीनने केल्या. हाताला काही आठवत नाही. पहिले सात अक्रोडाचा चुरा करतात, पुढच्या तिघांना अक्रोड दादच देत नाही. भावोजींच्यात दोन पात्यांमध्ये सिगरेटचा कागद जात नाही. माझ्यात जाडजूड पाकीट जाईल. फ्राउ हुबर रोज सकाळी केरात अक्रोडांचं पीठ भरतात आणि काही विचारत नाहीत, आणि त्यांचं ते न विचारणं मला सगळ्यात झोंबतं.

अकरावा त्यातल्या त्यात बरा, तो पाठवला. आणि आता झोप येत नाही. लेखात मी छापलंय की गर अख्खा निघतो. समितीने तो वापरून पाहिला तर संपलं. म्हणतील, लेखातला अडकित्ता हा नव्हेच, खरा वेंडेलनेच केलाय. म्हणजे माझा शब्दही गेला आणि भावोजीही. भावोजींना काय ते तूच सांग. मला आता काही सुचत नाही.

ओडोन


बुडापेस्ट, ३ सप्टेंबर १९७०
गेझाच्या हाती

ओडोन,

२५ तारखेला मी रजा घेतली आणि समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसले. उकाडा होता, दार उघडं ठेवलं होतं. तुझ्यासारखे कान नसले तरी ऐकू आलं.

आत बोगार, क्रेन चालवणारी रोझी आणि वरून आलेला एक चष्मेवाला. वेंडेल इस्त्रीच्या शर्टात उभा. चष्मेवाल्याने तुझा लेख मोठ्याने वाचला. इतका रूक्ष वाचला की त्यात काही हसण्यासारखं होतं हे कोणाला कळलं नसतं. मग तुझं पत्र वाचलं. मग म्हणाला, "हे नंतर सुचलेलं दिसतंय. मेव्हण्याला वाचवायला कोणीही लिहील."

बोगार म्हणाला, "वस्तू पाठवली आहे. बघू तरी." आणि खिशातून तीन अक्रोड काढले. ओडोन, ऑगस्ट महिन्यात, नवं पीक यायच्या आधी, कोणाच्या खिशात अक्रोड असतात?

पहिल्याचं पीठ झालं. दुसऱ्याचं कवच उडून चष्मेवाल्याच्या कपाळावर बसलं. तिसऱ्याला तुझा अडकित्ता जो चिकटला तो रोझीने दोन्ही हातांनी ओढून सोडवला. बोगारने लेख उचलला आणि वाचला, "'हलके दाबले की गर अख्खा बाहेर येतो.' कॉम्रेड, या माणसाच्या लेखातली ही एकच गोष्ट आपल्याला तपासून बघता येते. तीच अशी निघाली."

चष्मेवाला कपाळ चोळत वेंडेलकडे वळला. "तुम्ही सांगा. हे तुमचं काम आहे?"

मी बाकाची कड घट्ट धरली. या माणसाला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे.

वेंडेलने ते हातात घेतलं. बिजागरीवर नख फिरवलं. पातं उजेडात धरलं. आणि त्याचा चेहरा बघता बघता लाल झाला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याला इतकं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं, खराटा दिला त्या दिवशीही नाही.

"हे माझं?" तो म्हणाला. "हे? याच्या बिजागरीतून मांजर जाईल. कड बघा, कानस मागे येताना दाबलीय, प्रत्येक वेळी. असलं काम मी पहिल्या वर्षाच्या शिकाऊच्या हातून भंगारात टाकायला लावलं असतं. मला चोर म्हणा, झाडायला लावा, पण हे माझं म्हणू नका."

मग रोझी म्हणाली, "खरंय. आमच्याकडे असलं बनत नाही." आणि बोगारने लिहून घ्यायला लावलं, शब्द मला पाठ आहेत: 'सदर वस्तू निकृष्ट दर्जाची असून ती या कारखान्याच्या टूलरूममध्ये बनली असे मानणे हा टूलरूमचा अपमान ठरेल. लेखक विश्वासार्ह नाही.' चष्मेवाल्याने सही केली. त्या रागावर त्याचा विश्वास बसला. बसणारच, तो राग खरा होता.

३१ तारखेपासून वेंडेल आपल्या व्हाइसवर आहे. त्या नव्याला शेजारी उभा करून कानस कशी धरायची ते दाखवतोय.

मी तुला माफ केलेलं नाही. अंगणातले ते अडीच महिने मी मोजलेत. अकरा अडकित्ते केलेस हे ठीक, पण एकही नीट जमला असता तर आज काय झालं असतं, याचा विचार कर. तुझ्या अक्कलहुशारीने आम्ही बुडालो आणि तुझ्या बिघडलेल्या हाताने वाचलो. ही तुझी स्तुती नाही. वेंडेल म्हणतो, वसंतात ये. मी म्हणते, बघू.

जाताना बोगारने तुझा अडकित्ता वर्तमानपत्रात गुंडाळून वेंडेलच्या हातात ठेवला. म्हणाला, "भंगारात टाक." वेंडेलने टाकला नाही. परवा, कामाच्या वेळात, कारखान्याच्या व्हाइसवर, कारखान्याच्या कानशीने त्याने बिजागरी काढून नवी बसवली आणि दोन्ही कडा सरळ केल्या. तुझा शिक्का तसाच ठेवलाय. गेझाकडे देतेय.

याबद्दल कुठे एक अक्षर लिहिलंस तर मला भाऊ नाही.

पिरोश्का


व्हिएन्ना, ५ ऑक्टोबर १९७०
टपालाने

प्रिय पिरोश्काताई,

मी ठीक आहे. हवा बरी आहे.

यंदा अक्रोड चांगले आले आहेत. गर अख्खा निघतो.

तुझा,
ओडोन